चेपॉकच्या उन्हांतील दोनशें दहा

क्रिकेटचा सामना संपला कीं आपण पहिला प्रश्न विचारतों तो हाच, कीं जिंकलें कोण ? बहुधा या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतें. कधीं कधीं वेळ संपतो आणि सामना अनिर्णित राहतो. त्याचा अर्थ इतकाच कीं, कोणाचेंहि काम पुरें झालेलें नसतें. परंतु याहून अगदीं निराळा असा आणखी एक प्रकार आहे. दोन्ही पक्षांचे डाव पुरे व्हावे, शेवटचा फलंदाज बाद व्हावा, आणि उभय पक्षांच्या धांवांची बेरीज करून पाहावी तों ती तंतोतंत एकच भरावी ! याला बरोबरीचा सामना किंवा ‘टाय’ म्हणतात. कसोटी सामने १८७७ सालीं सुरू झाले. तेव्हांपासून अडीच हजारांहून अधिक सामने खेळले गेले. त्यांत बरोबरीचे सामने निघाले अवघे दोन. पहिला १९६० सालीं ब्रिस्बेन येथें ऑस्ट्रेलिया व वेस्ट इंडीज यांच्यामध्यें झाला. दुसरा आपल्या देशांत, मद्रास म्हणजे आजच्या चेन्नई शहरीं, १९८६ च्या सप्टेंबर महिन्यांत भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यामध्यें झाला.

या दुसऱ्या सामन्यांत ऑस्ट्रेलियाच्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणानें २१० धांवा केल्या. त्या करितांना तो मैदानावरच पुनःपुन्हां ओकला, त्याच्या हातापायांना वांब आले, आणि डाव संपल्यावर त्याला इस्पितळांत न्यावें लागलें. त्या तरुणाचें नांव डीन जोन्स. त्याच्या या खेळीला लोक आजहि पराक्रम म्हणतात, आणि तो पराक्रम होताच. परंतु अशा पराक्रमाचें आपण नुसतें कौतुक करावें, कीं त्यापासून कांहीं सावधगिरीहि शिकावी ? आमच्या मतें दोन्ही करावें. तें कां, हें समजण्यासाठीं या खेळाडूचें चरित्र प्रथम पाहिलें पाहिजे.

डीन मर्व्हिन जोन्सचा जन्म २४ मार्च १९६१ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत, मेलबर्न शहराच्या कोबर्ग नांवाच्या उपनगरांत झाला. वडील मेलबर्नच्या कार्लटन क्लबाकडून क्रिकेट खेळत असत. त्यामुळें खेळाचें बाळकडू त्याला घरींच मिळालें. आपल्याकडे जशी रणजी करंडकाची स्पर्धा, तशी तिकडे शेफील्ड शील्डची स्पर्धा असते. १९८१-८२ च्या हंगामांत तो व्हिक्टोरिया प्रांताकडून तींत खेळूं लागला.

देशासाठीं कसोटी सामना खेळण्याची पहिली संधि त्याला १९८४ च्या मार्चमध्यें मिळाली, आणि ती आली तीहि वांकड्या वाटेनें. संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. पोर्ट ऑफ स्पेन येथील सामन्यासाठीं निवडलेल्या अकरांमध्यें जोन्सचें नांव नव्हतें. आयत्या वेळीं एक सहकारी आजारी पडला म्हणून त्याला उभें करण्यांत आलें, आणि गंमत अशी कीं जोन्सची स्वतःची प्रकृतिहि त्या वेळीं ठीक नव्हती. समोर जोएल गार्नर हा सहा फूट आठ इंच उंचीचा गोलंदाज. त्यानें त्या डावांत सहा बळी घेतले. अशा स्थितींत अॅलन बॉर्डर या सहकाऱ्याच्या जोडीनें जोन्सनें ४८ धांवा काढल्या. पुढें त्यानें अनेक शतकें झळकावलीं; पण आपली सर्वांत चांगली खेळी कोणती असें विचारल्यास तो या अठ्ठेचाळीस धांवांकडेच बोट दाखवी. ज्या आंकड्यांचें जग कौतुक करितें आणि ज्या आंकड्यांची किंमत आपल्या मनाला ठाऊक असते, ते पुष्कळदां निराळे असतात.

पुढच्या कसोटींत मात्र तो अपयशी ठरला आणि संघांतून वगळला गेला. यानंतर जवळजवळ अडीच वर्षें त्याला कसोटी सामना मिळाला नाहीं. १९८६ सालीं तो मद्रासला उतरला तेव्हां त्याच्या खात्यावर अवघे दोन कसोटी सामने होते. हा तिसरा. यांत अपयश आलें तर पुन्हां बोलावणें येईल याची शाश्वति कोणींच दिली नसती. पुढें जें घडलें त्याचें अर्धें मर्म या गोष्टींत आहे.

उरलेलें अर्धें मर्म त्या वेळच्या ऑस्ट्रेलियाच्या संघांत सांपडतें. ग्रेग चॅपेल, डेनिस लिली व रॉडनी मार्श हे तीन मोठे खेळाडू १९८४ च्या प्रारंभीं एकदमच निवृत्त झाले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस किम ह्यूज या कर्णधारानें भर सभेंत डोळ्यांत अश्रु आणून कर्णधारपद सोडलें. कित्येक अनुभवी खेळाडू, वर्णद्वेषामुळें बहिष्कृत झालेल्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर पैशासाठीं निघून गेले. उरलेल्या पोरसवदा संघाची धुरा अॅलन बॉर्डरच्या गळ्यांत पडली. इंग्लंडनें हरविलें, न्यूझीलंडनेंहि हरविलें. बॉर्डर हा मूळचाच कणखर मनुष्य. या पराभवांनीं तो अधिकच कठोर झाला. त्याला हवे होते ते न वांकणारे गडी.

अशा वेळीं, १८ सप्टेंबर १९८६ रोजीं, चेपॉकच्या मैदानावर ऑस्ट्रेलियानें नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. चेपॉक समुद्राच्या अगदीं जवळ आहे. मैदानाशेजारून बकिंगहॅम कालवा वाहतो आणि वारा पडला कीं त्याची दुर्गंधि मैदानावर पसरते. पारा ४० अंशांच्या आसपास होता आणि हवेंत ओलावा भरून राहिला होता. पहिला गडी बाद झाल्यावर जोन्स तिसऱ्या क्रमांकावर आंत आला. डेव्हिड बूननें त्या दिवशीं १२२ धांवा केल्या. सायंकाळीं खेळ थांबला तेव्हां जोन्सनें अर्धशतक ओलांडलें होतें आणि तो नाबाद होता.

दुसऱ्या दिवशीं त्याची खरी परीक्षा झाली. उन्हाच्या पहिल्या प्रहरांतच त्याच्या अंगांतील पाणी आटूं लागलें. शतक पुरें झालें. पण त्यानंतर पोटऱ्यांना वांब येऊं लागले, मळमळूं लागलें, आणि तो खेळपट्टीच्या बाजूला जाऊन ओकूं लागला. पुढें पुढें लघवीवरहि त्याचा ताबा राहिला नाहीं. १२० धांवांनंतरचें आपल्याला फारसें कांहीं आठवत नाहीं, असें तो पुढें सांगत असे. विश्रांतीच्या वेळीं सहकारी त्याला बर्फाच्या पाण्यांत बसवीत, नवे कपडे चढवीत, पॅड बांधीत आणि पुन्हां बाहेर पाठवीत. एक वेळ अशी आली कीं त्याच्यानें धांववेना. तेव्हां त्यानें मनाशीं साधा हिशेब केला : धांवणें जमत नाहीं, तर चेंडू सीमेपार घालवावा, नाहीं तर अडवावा. त्याच्या २१० धांवांत २७ चौकार व दोन षट्कार आहेत. त्यानें ३३० चेंडू खेळले, आणि आठ तासांहून अधिक काळ तो खेळपट्टीवर उभा होता.

या खेळींतील एक प्रसंग क्रिकेटच्या इतिहासांत कायमचा जाऊन बसला आहे. १७० धांवा ओलांडल्यावर जोन्सनें समोरच्या टोकाला असलेल्या आपल्या कर्णधाराला सांगितलें कीं, आतां माझ्यानें होत नाहीं; मीं तंबूंत परत जावें हें बरें. बॉर्डरनें जें उत्तर दिलें त्याचा आशय असा, कीं ठीक आहे, जा. मग मीं एखादा कणखर ऑस्ट्रेलियन बोलावतों, क्वीन्सलंडचा गडी बोलावतों. या टोमण्याची धार आपल्याला चटकन् कळणार नाहीं. बॉर्डर स्वतः क्वीन्सलंडकडून खेळे. पुढें येणारा फलंदाज ग्रेग रिची हाहि तिकडचाच. आणि जोन्स होता व्हिक्टोरियाचा. मुंबईच्या गड्याला भर मैदानांत कोणीं म्हणावें कीं, तूं जा, आम्ही बडोद्याचा माणूस आणतों, तसाच हा प्रकार ! जोन्सला तो शब्द झोंबला. तो परतला नाहीं. दोनशें पुरे केले, आणखी दहा काढल्या, आणि शेवटीं शिवलाल यादवनें त्याचा त्रिफळा उडविला.

तंबूंत परतल्यावर तो कोसळला. त्याला इस्पितळांत नेऊन शिरेंतून सलाईन म्हणजे मिठाचें पाणी द्यावें लागलें. दोन दिवसांत त्याचें वजन कित्येक किलोंनीं घटलें होतें.

आतां त्याच्या शरीरांत काय घडत होतें हें थोडें समजून घेऊं. निरोगी मनुष्याच्या देहाची उष्णता सुमारें ३७ अंश असते. बाहेर कितीहि ऊन असो, ती त्याच सुमारास राखावी लागते; आणि त्यासाठीं निसर्गानें घामाची योजना केली आहे. घाम नुसता आल्यानें अंग थंड होत नाहीं. तो वाळावा लागतो. वाळतांना तो आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातो. घरांतील मातीच्या माठाचें उदाहरण घ्या. माठांतून पाझरलेलें पाणी बाहेरून वाळतें, म्हणून आंतील पाणी गार होतें. परंतु तोच माठ नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यांत जसें थंडगार पाणी देतो, तसें रत्नागिरीस देत नाहीं. कारण समुद्रकांठच्या हवेंत आधींच पाण्याची वाफ भरलेली असते, आणि माठाचें पाणी वाळण्यास वाव राहत नाहीं. चेपॉकवर जोन्सच्या देहाचा माठ असाच निरुपयोगी झाला होता. घामाच्या धारा वाहत होत्या, पण त्या वाळत नव्हत्या. त्यामुळें पाणी जात होतें, पाण्याबरोबर मीठ जात होतें, आणि उष्णता मात्र आंतच सांठत होती. क्षार घटले कीं स्नायूंना वांब येतात. पाणी घटलें कीं रक्त दाटतें, हृदयावर भार पडतो, डोकें फिरूं लागतें आणि वांति होते. एवढ्यावर थांबलें तर विश्रांतीनें व मीठ-साखरेच्या पाण्यानें मनुष्य सांवरतो. पण देहाची उष्णता ४० अंशांच्या पलीकडे गेली आणि शुद्धि हरपूं लागली, तर त्याला उष्माघात म्हणतात. आणि उष्माघातानें धडधाकट तरुणहि प्राणांस मुकतात. ज्याला आपण खेळलेला डाव आठवत नाहीं, तो मनुष्य त्या उंबरठ्यावर येऊन ठेपलेला होता हें उघड आहे.

सामन्याचा उरलेला वृत्तांत थोडक्यांत सांगतों. बॉर्डरनेंहि १०६ धांवा केल्या आणि ऑस्ट्रेलियानें ७ बाद ५७४ वर डाव सोडला. भारताचा डाव कोसळण्याच्या बेतांत असतां कर्णधार कपिल देवनें ११९ धांवांचा तडाखा दिला आणि ३९७ पर्यंत मजल गेली, फॉलो-ऑन टळला. दुसऱ्या डावांत ऑस्ट्रेलियाच्या ५ बाद १७० धांवा झाल्या. इस्पितळांतून आलेला जोन्स या डावांतहि खेळला आणि त्यानें २४ धांवा केल्या, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. शेवटच्या दिवशीं सकाळीं बॉर्डरनें धाडस करून डाव सोडला आणि भारतापुढें ३४८ धांवांचें आव्हान ठेवलें.

आपला सुनील गावस्कर त्या सामन्यांत लागोपाठ शंभरावी कसोटी खेळत होता. त्यानें ९० धांवा केल्या. मोहिंदर अमरनाथ ५१, अझरुद्दीन ४२, मुंबईचा चंद्रकांत पंडित ३९. विजय हाताशीं आला असें वाटत असतां गडी बाद होऊं लागले. ग्रेग मॅथ्यूज आणि रे ब्राइट या दोन फिरकी गोलंदाजांनीं मिळून दहाच्या दहा बळी घेतले. मॅथ्यूजनें तर त्या उन्हांत गरम कपडा अंगांत घालून गोलंदाजी केली. शेवटचें षटक उरलें तेव्हां भारताला हव्या होत्या चार धांवा आणि हातीं होता एक गडी. मुंबईचा रवि शास्त्री खेळत होता. त्यानें दुसऱ्या चेंडूवर दोन धांवा घेतल्या, तिसऱ्यावर एक. धांवा समसमान झाल्या; आतां भारत हरणें शक्य नव्हतें. चौथा चेंडू मणिंदर सिंगनें अडविला. पांचवा त्याच्या पायाला लागला, आणि पंच विक्रमराजू यांचें बोट वर गेलें. चेंडू आधीं बॅटला लागला होता असें मणिंदर पुढें सांगत राहिला. पण पंचाचा निर्णय तो निर्णय. भारत ३४७ वर सर्वबाद झाला आणि सामना बरोबरींत सुटला. मौजेची गोष्ट ही कीं ऑस्ट्रेलियाचा शिक्षक बॉब सिम्पसन हा १९६० च्या त्या पहिल्या बरोबरीच्या सामन्यांत स्वतः खेळलेला होता.

म्हणजे जोन्सनें प्राण पणाला लावून केलेल्या २१० धांवांचें फळ विजय नव्हे. पण त्यांतील एक धांव जरी कमी झाली असती, तरी ऑस्ट्रेलिया हरला असता !

याच मैदानावर एका वर्षानें नियतीनें दुसरा खेळ मांडला. ९ ऑक्टोबर १९८७ रोजीं विश्वचषक स्पर्धेंत पुन्हां हेच दोन संघ समोरासमोर आले. ऑस्ट्रेलियाच्या डावांत जोन्सनें मारलेला एक चेंडू सीमेपार गेला. पंचांनीं त्याला चौकार ठरविला. तो षट्कार होता असें ऑस्ट्रेलियाचें म्हणणें पडलें. दोन डावांच्या मधल्या सुट्टींत विचारविनिमय झाला आणि कपिल देवनें तें म्हणणें मान्य केलें. ऑस्ट्रेलियाच्या २६८ धांवांच्या २७० झाल्या. भारताचा डाव किती धांवांवर संपला असेल ? २६९ वर ! शेवटचा गडी याहि वेळीं मणिंदर सिंगच होता. एका धांवेनें सामना गेला, पण खरेपणा राखला गेला. आमच्या मतें जोन्सच्या त्या २१० धांवांइतक्याच या दोन धांवा विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. आणि त्या कपिल देवच्या खात्यावर मांडल्या पाहिजेत. त्या स्पर्धेचा अंतिम सामना कलकत्त्यास झाला. इंग्लंडला सात धांवांनीं हरवून ऑस्ट्रेलियानें पहिल्यांदाच विश्वचषक जिंकला.

मद्रासनंतर जोन्सचें स्थान पक्कें झालें. १९८९ च्या फेब्रुवारींत अॅडलेड येथें मार्शल, अॅम्ब्रोज व वॉल्श अशा वेस्ट इंडीजच्या भेदक माऱ्यापुढें त्यानें २१६ धांवा केल्या. त्याच्या कसोटींतील ही सर्वांत मोठी खेळी. त्याच वर्षीं इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें ५६६ धांवा केल्या आणि ऑस्ट्रेलियानें अॅशेस मालिका ४-० अशी जिंकली. १९९० च्या जानेवारींत पाकिस्तानविरुद्ध अॅडलेडलाच एका सामन्याच्या दोन्ही डावांत त्यानें शतकें केलीं. परंतु त्याची खरी छाप पडली ती एकदिवसीय सामन्यांवर. जलद गोलंदाजाला पुढें येऊन फटकावणें, क्षेत्ररक्षकाच्या हातीं चेंडू असतांहि चोरटी दुसरी धांव काढणें, सीमेवर झेपावून धांवा वांचविणें, या गोष्टी आज शाळेंतील मुलेंहि करतात. त्या काळीं त्या नव्या होत्या. १६४ एकदिवसीय सामन्यांत त्यानें ६०६८ धांवा केल्या व सरासरी ४४.६१ राखली. ५२ कसोटींत ३६३१ धांवा, ११ शतकें आणि सरासरी ४६.५५ असा त्याचा हिशेब आहे.

एक प्रसंग नियम न जाणण्याचे परिणाम दाखवितो. १९९१ सालीं गयानांतील जॉर्जटाऊन येथें जोन्सचा त्रिफळा उडाला. तो चेंडू नो-बॉल होता, पण पंचाचा पुकारा जोन्सला ऐकूं आला नाहीं. तो आपला तंबूकडे चालूं लागला. तेवढ्यांत वेस्ट इंडीजच्या कार्ल हूपरनें चेंडू हातीं घेऊन यष्टी उपटली आणि पंचांनीं त्याला धांवचीत दिला. नियम असा होता कीं नो-बॉलवर फलंदाज धांव घेण्याचा प्रयत्न करीत नसेल, तर त्याला अशा रीतीनें बाद देतां येत नाहीं. पण तें ना पंचांना स्मरलें, ना फलंदाजाला.

त्याच्या स्वभावांत जसा जिद्दीचा तसा उतावळेपणाचाहि अंश होता. १९९३ सालीं सिडनी येथील एकदिवसीय सामन्यांत त्यानें कर्टली अॅम्ब्रोजला मनगटावरची पांढरी पट्टी काढून ठेवण्यास सांगितलें. अॅम्ब्रोज चिडला आणि त्यानें ३२ धांवांत पांच गडी टिपले ! ही गोष्ट हंसण्यावारी नेतां येईल. दुसरी नेतां येणार नाहीं. २००६ सालीं कोलंबो येथें समालोचन करीत असतां, ध्वनिक्षेपक बंद आहे अशा समजुतीनें, त्यानें दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमला या दाढीधारी मुसलमान खेळाडूविषयीं ‘दहशतवादी’ असा शब्द उच्चारला. तो शब्द जगभर ऐकूं गेला. जोन्सची नोकरी गेली. त्यानें क्षमा मागितली. याकोबाच्या पत्रांत जिभेला रान पेटविणाऱ्या लहानशा ठिणगीची उपमा दिलेली आहे, ती येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. आठ तास ज्यानें आपल्या देहावर ताबा ठेवला, त्याला एक क्षण जिभेवर ठेवतां आला नाहीं. मोठ्या माणसांचीं चरित्रें आपण वाचावीं तीं अशीं, उणें-अधिक दोन्ही पाहून.

कसोटी संघांतून तो गेला तोहि अकालींच. १९९२ सालीं श्रीलंकेच्या दौऱ्यांत त्यानें कोलंबोस नाबाद शतक केलें होतें. तरीहि त्यानंतरच्या हंगामांत वेस्ट इंडीजविरुद्ध त्याला वगळून डेमियन मार्टिन या तरुणाला घेण्यांत आलें. वय अवघें एकतीस. पण पुन्हां कसोटी सामना त्याच्या वाट्याला आला नाहीं. तो प्रांताकडे परतला, व्हिक्टोरियाचें नेतृत्व केलें, आणि १९९४-९५ च्या हंगामांत नाबाद ३२४ धांवा केल्या. १९९६ सालीं इंग्लंडमधील डर्बीशायर या परगण्याचा कर्णधार होऊन त्यानें तो संघ स्पर्धेंत दुसऱ्या क्रमांकावर आणला. १९९८ सालीं तो निवृत्त झाला. कर्करोगाविरुद्ध निधि जमविण्याचें कार्य आणि क्रिकेटची सेवा यांसाठीं २००६ सालीं त्याला ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा बहुमान मिळाला.

उत्तर आयुष्यांत तो शिक्षक झाला. त्यानें शिकविलेल्या इस्लामाबादच्या संघानें पाकिस्तान सुपर लीग ही स्पर्धा २०१६ व २०१८ सालीं जिंकली. भारतांत तर दूरचित्रवाणीवर झगा घालून, फळ्यापुढें उभें राहून क्रिकेट समजावणारा ‘प्रोफेसर डीनो’ म्हणून मुलेंहि त्याला ओळखूं लागलीं. ज्या देशाच्या उन्हानें त्याला आडवें केलें होतें, त्याच देशाशीं त्याचें असें घरोब्याचें नातें जडलें. २०२० च्या सप्टेंबरांत, महामारीच्या दिवसांत, आयपीएलचे सामने अरबस्तानांत चालू असतां तो मुंबईंतून त्यांचें समालोचन करीत होता. २४ सप्टेंबर रोजीं मुंबईच्या एका हॉटेलांत हृदयविकाराचा झटका येऊन त्याचें निधन झालें. त्याचा जुना सहकारी समालोचक ब्रेट ली यानें त्याला वांचविण्याची शर्थ केली, पण यश आलें नाहीं. वय एकोणसाठ वर्षें.

त्याच वर्षाच्या २६ डिसेंबरला मेलबर्नच्या मैदानावर ऑस्ट्रेलिया व भारत यांची कसोटी सुरू झाली. चहाच्या सुट्टींत, दुपारीं तीन वाजून चोवीस मिनिटांनीं, जोन्सची टोपी, बॅट आणि काळा चष्मा या वस्तु त्याच्या पत्नीनें व मुलींनीं मैदानांत नेऊन यष्टींपाशीं ठेवल्या. ३२४ ही त्याची प्रांतासाठींची सर्वांत मोठी खेळी आणि ऑस्ट्रेलियाच्या कसोटीपटूंच्या यादींतील त्याचा क्रमांकहि ३२४. म्हणून ती वेळ निवडली होती. कुटुंबियांच्या बरोबर अॅलन बॉर्डर चालत होता. चौतीस वर्षांपूर्वीं चेपॉकवर ज्यानें त्याला टोमणा मारून थांबविलें, तोच आतां त्याच्या रिकाम्या टोपीमागून चालत होता. भारताचें नेतृत्व त्या सामन्यांत महाराष्ट्राच्या अहमदनगर जिल्ह्यांत जन्मलेला अजिंक्य रहाणे करीत होता. दुसऱ्या दिवशीं त्यानें तेथें शतक पुरें केलें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. चेपॉकच्या खेळीची थोरवी कशांत आहे ? तो ओकला, कोसळला, इस्पितळांत गेला, यांत ती नाहीं. हाल सोसणें हा स्वतःच गुण असता, तर उन्हांत विनाकारण उभा राहणारा प्रत्येक मनुष्य थोर ठरला असता. थोरवी आहे ती यांत, कीं त्या अवस्थेंतहि समोर येणारा प्रत्येक चेंडू त्यानें नीट पाहिला. धांवतां येईना तेव्हां निराश न होतां खेळाची रीत बदलली. आणि अडीच वर्षांनीं हातीं आलेलें काम अर्धें टाकून तो परतला नाहीं. संत पौलानें आयुष्याला शर्यतीची उपमा दिली आहे. ती शर्यत कोण किती धडपडला यावर मोजली जात नाहीं. नेमून दिलेलें अंतर निष्ठेनें पुरें केलें कीं नाहीं, यावर मोजली जाते.

आणि सावधगिरीचा भाग हा. बॉर्डरच्या टोमण्यानें त्या दिवशीं द्विशतक झालें म्हणून तो टोमणा योग्य ठरत नाहीं. ज्याची स्मृति जाऊं लागली आहे असा मनुष्य आपला निर्णय आपण घेऊं शकत नाहीं. तो त्याच्या वडिलधाऱ्यांनीं घ्यावयाचा असतो. पालकांनीं व क्रीडाशिक्षकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. उन्हांत खेळणाऱ्या मुलाचें डोकें फिरूं लागलें, वांति झाली, बोलणें असंबद्ध झालें, तर त्याला तत्काळ सावलींत न्यावें, अंगावर गार पाणी ओतावें, वारा घालावा आणि डॉक्टरांना बोलवावें. त्याच्या धैर्याची परीक्षा त्या वेळीं पाहूं नये. आणि मुलांनो, तहान लागण्यापूर्वींच पाणी प्या. चक्कर येत असल्याचें सांगणें हा भित्रेपणा नव्हे. आपल्या गुरुजनांना खरें सांगणें हाहि धैर्याचाच प्रकार आहे.

कोणाला २१० धांवा करण्याचा योग येईल, कोणाला येणार नाहीं. पण पहिल्या अपयशानंतर वाट पाहणें, संधि आली कीं ती जपणें, हातचें काम पुरें करणें, आणि चूक झाल्यास ती कबूल करणें, एवढें आपल्यांपैकीं प्रत्येकाला साधण्यासारखें आहे. डीन जोन्सच्या चरित्रापासून तें घ्यावें. चेपॉकचें ऊन मात्र त्याचें त्यालाच राहूं द्यावें.